पहिले बाळंतपण परमुलखात

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा जुना रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरायची, लेकीला घरी आणायचे, तिला हवे-नको पाहायचे आणि बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की सासरी पाठवायचे. पण आता आपल्या खेड्यापाड्यांतली मुले शिकून लांब लांब जाऊ लागली आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन दक्षिण कोरियातील विद्यापीठांत संशोधनाला गेलेली शेतकऱ्यांची मुले आमच्या भागात आहेत. लग्नानंतर त्यांच्या बायकाही तिकडे जातात. मग एक दिवस फोन येतो, "आई, मला दिवस गेलेत." आनंद तर होतोच, पण पाठोपाठ आईच्या मनात प्रश्न उभा राहतो : हिचे बाळंतपण करायचे कुणी आणि कुठे?

हा प्रश्न २०२४ साली आमच्या घरी आला. लेक आणि जावई कोरियाच्या दक्षिण भागातील ग्वांगजू शहरात राहत होते. आम्ही काय विचार केला, तिथे काय पाहिले आणि त्यातून काय शिकलो, ते सांगितले तर आणखी एखाद्या घराला उपयोग होईल, म्हणून हे लिहिते.

इकडे आणायचे की तिकडेच?

आधी सगळ्यांचे मत पडले की मुलीला इकडे आणावे. पण विमानाचे काही नियम असतात. बहुतेक विमान कंपन्या सातवा महिना सरला की डॉक्टरचा दाखला मागतात आणि छत्तीस आठवड्यांनंतर गर्भवतीला सहसा घेत नाहीत. म्हणजे लेकीला सातव्या महिन्यात यावे लागणार आणि बाळाचा पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत थांबावे लागणार. जावई तिकडे सहा महिने एकटे. शिवाय त्यांचा आरोग्य विमा कोरियाचा. तिथे सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसालाही २०१९ पासून सरकारी आरोग्य विमा घ्यावाच लागतो. विमा असला की गर्भवतीला तपासणी आणि बाळंतपणाच्या खर्चासाठी दहा लाख वॉन, म्हणजे सुमारे साठ हजार रुपये, एका कार्डावर मिळतात. आकडा ऐकून घाबरू नका. तिकडचा एक वॉन म्हणजे आपले सहा-सात पैसे.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू मोठी होती. आमच्या लेकीचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे.

आपल्याकडे शंभर माणसांत पाचएक माणसे निगेटिव्ह गटाची सापडतात. कोरियात शंभरात एकसुद्धा धड सापडत नाही. बाळंतपणात अचानक रक्त लागले तर ते आणायचे कुठून? ह्यांनी तर दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. "तिला उद्याच्या उद्या बोलावून घे," असा एकच धोशा. आमच्या विहीणबाईंचेही तेच म्हणणे.

लेकीने मात्र शांतपणे तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ही गोष्ट तिसऱ्या महिन्यातच सांगितलीत हे बरे झाले. ऐनवेळी कळले असते तर धावपळ झाली असती. आता तयारीला वेळ आहे." त्यांनी लेकीला छोट्या दवाखान्यातून मोठ्या इस्पितळाकडे पाठवले. कोरियात रक्तपुरवठ्याचे बरेचसे काम रेडक्रॉस पाहते. बाळंतपणाच्या सुमारास या गटाचे रक्त मिळेल अशी तजवीज इस्पितळाने आधीच केली. जावयांनी तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांत चौकशी केली, तेव्हा त्याच गटाची दोन मुले निघाली. दोघांनीही "फोन करा, रात्री बाराला येऊ," असे सांगितले.

पण डॉक्टरीणबाईंचे खरे म्हणणे वेगळेच होते. रक्त लागूच नये, ही पहिली तयारी. लेकीच्या अंगात रक्त कमी होते. तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ती पालेभाज्या, डाळी, अंडी नेमाने खाऊ लागली आणि दर महिन्याला रक्त तपासू लागली. बाळंतपणापर्यंत तिचे हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले होते. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवती बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. तेव्हा हा धडा परदेशातल्या लेकीपुरता नाही, आपल्या वस्तीवरच्या सुनेलाही तो लागू आहे.

निगेटिव्ह रक्तगट म्हणजे काय?

हे नीट समजून घ्या, कारण यावरून घरोघरी नाहक भीती असते. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. बाळंत होताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके समजते आणि त्याच्याशी लढणारी द्रव्ये तयार करते. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही. पण पुढच्या खेपेस हीच द्रव्ये पोटातल्या बाळाचे रक्त नासवतात. पूर्वी "हिची पहिलटकरीण सुखरूप, पण पुढची मुले जगत नाहीत" असे बायका म्हणत, त्यातल्या काही घरांमागे हेच कारण असावे.

आता यावर इंजेक्शन आहे. त्याचे नाव अँटी-डी. ते एकदा अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत पुन्हा देतात. गर्भपात झाला तरी ते घ्यावे लागते. आपल्याकडेही ते मिळते. म्हणून दिवस गेले की पहिल्या तपासणीतच नवरा-बायको दोघांचाही रक्तगट पाहून घ्यावा.

एवढी माहिती हाती आल्यावर मन थाऱ्यावर आले. बाळंतपण तिकडेच करायचे आणि मी जायचे, असे ठरले. भात कापणीच्या तोंडावर घर सोडणे सोपे नव्हते. पण धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "वैनी, भात दर वर्षी येतंय. तुम्ही जावा."

सोबत काय न्यावे?

कोरियात बी-बियाणे, ताजी फळे आणि माती लागलेली मुळे सहज नेता येत नाहीत; विमानतळावर ती जाहीर करावी लागतात. म्हणून अळीव भाजून, दळून नेले. बाळंतशोपा आणि ओवाही भाजूनच घेतला. डिंकाच्या लाडवांत खसखस घातली नाही. काही देशांत ती चालत नाही, आणि वाटेत विमान कुठे बदलावे लागेल ते आधी सांगता येत नाही. डबे, पिशव्या यांवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवले. मऊ जुन्या धोतराची दुपटी मात्र अर्धा गठ्ठा नेली. तिकडे सगळे विकत मिळते, पण ती ऊब मिळत नाही.

गुलाबी आसने आणि गुलाबी बिल्ला

कोरियात गर्भवतीला सरकारी आरोग्य केंद्रातून एक गुलाबी बिल्ला देतात. तो पिशवीला अडकवून बाई बसमध्ये चढली की पोट दिसत नसले तरी लोक समजतात. सोलच्या भुयारी रेल्वेत गर्भवतींसाठी गुलाबी आसने राखून ठेवलेली आहेत. त्याच केंद्रातून पहिल्या महिन्यांत फॉलिक ॲसिडच्या आणि नंतर लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात.

एवढी काळजी का? कारण तिथे पाळणेच हलेनासे झाले आहेत. १९६० च्या सुमारास कोरियन बाईला सरासरी सहा मुले होत. २०२३ साली हे प्रमाण एकाच्याही खाली, ०.७२ वर आले. २०२४ साली ते किंचित वाढून ०.७५ झाले. खेड्यांत तर विचारू नका. तिथल्या शेतकरी कुटुंबांत निम्म्याहून अधिक माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. ग्वांगजूच्या आसपास भाताची मोठमोठी खाचरे आहेत. ऑक्टोबरात ती आपल्यासारखीच पिवळी झाली होती. पण कापणीला यंत्र आणि यंत्रावर म्हातारा माणूस. बांधावर खेळणारे एकही पोर दिसले नाही. एखाद्या गावात मूल जन्मले तर रस्त्यावर अभिनंदनाचा फलक लावतात म्हणे. बरेच तालुके असे आहेत की तिथे बाळंतपणाचा दवाखानाच उरलेला नाही.

मुलगा की मुलगी?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सोनोग्राफी तिथे जवळजवळ प्रत्येक भेटीत होते, आणि डॉक्टरने बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला आता बंदी नाही. गावाकडून फोन यायचे, "तिथं सांगतात म्हणे. काय सांगितलं?" लेकीने आणि जावयांनी ठरवून विचारलेच नाही. "कळून काय करायचं आहे? दोन्ही आपलंच," एवढेच जावई म्हणाले.

पण ही बंदी तिथे का उठली, ते ऐकण्यासारखे आहे. कोरियातही एके काळी मुलाचा भारी हव्यास होता. वंश मुलाचा, पूर्वजांची पूजा मुलाच्या हातची. सोनोग्राफी आल्यावर मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले. १९८७ साली सरकारने लिंग सांगण्यावर बंदी घातली. तरीही १९९० साली तिथे दर शंभर मुलींमागे ११६ हून अधिक मुलगे जन्मले. पुढे मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, म्हातारपणी आईबापांना लेकीच विचारतात हे लोकांना दिसले. घराचा प्रमुख पुरुषच, हा जुना कायदा २००८ साली गेला. हळूहळू प्रमाण निसर्गाच्या जागी आले. आता शंभर मुलींमागे १०५ च्या आसपास मुलगे जन्मतात. म्हणून २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने उरलीसुरली बंदीही रद्द केली. लोकांचे मन बदलले, मग कायद्याची गरज संपली.

आपल्याकडे महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला आणि १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला. तरी २००१ च्या जनगणनेत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ च मुली होत्या. कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे. पण कोरियाने दाखवून दिले की खरा बदल घरातल्या बोलण्यातून होतो. सुनेला दिवस गेले की पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे आपल्याच हातात आहे.

बाळंतिणीची खोली

ऑक्टोबरच्या मध्यावर लेक मोकळी झाली. चौदा तास कळा दिल्या. रक्त लागले नाही. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला. लेकीला दुसऱ्याच दिवशी अँटी-डीचे इंजेक्शन दिले. तिकडे निम्म्याहून अधिक बाळंतपणे आता सिझेरियनने होतात, त्यामुळे नैसर्गिक झाले याचे परिचारिकांनाही कौतुक वाटले.

कोरियन बाया बाळंतपणानंतर सहसा दोन आठवडे बाळंतिणींच्या विश्रांतिगृहात राहतात. २०२१ च्या सरकारी पाहणीत दहापैकी आठ बाळंतिणी तिथे राहिल्याचे दिसले. दोन आठवड्यांचा खर्च तीस लाख वॉनच्या वर, म्हणजे आपले दोन लाख रुपये! आमची लेक थेट घरी आली. "माझं विश्रांतिगृह विमानानं आलंय," असे ती शेजारणींना सांगत असे.

शेजारी एक कोरियन आजी राहत. आजीला तिकडे 'हाल्मोनी' म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्या हातभर लांब, वाळलेल्या समुद्रशेवाळाची जुडी घेऊन आल्या. या शेवाळाला 'मियोक' म्हणतात. ग्वांगजूच्या दक्षिणेला वांदो बेटांच्या समुद्रात दोर सोडून त्यावर त्याची शेती करतात. त्याचे कढण, म्हणजे 'मियोक-गुक', हे कोरियन बाळंतिणीचे मुख्य अन्न. आपल्याकडे अळिवाची खीर, तसे. बाळंतिणीसाठी शेवाळ घेताना किमतीत घासाघीस करायची नाही आणि ते मोडून-दुमडून द्यायचे नाही, असा संकेत आहे. पुढे प्रत्येक वाढदिवसाला माणूस हेच कढण पितो, आईने आपल्यासाठी काय सोसले त्याची आठवण म्हणून.

त्यात सहसा गाईचे मांस किंवा शिंपले घालतात. आजींना हे चालत नाही म्हणून खुणेने सांगितले, तेव्हा त्यांनी नुसत्या तिळाच्या तेलावर लसूण आणि शेवाळ परतून कढण करून दाखवले. लेकीला ते आवडले. मात्र शेवाळात आयोडीन फार असते. डॉक्टरांनी ते रोज वाडगे भरभरून न पिता बेताने प्यायला सांगितले. थायरॉईडचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. आजी म्हणत, बाळंतिणीने थंड पाण्यात हात घालू नये, वाऱ्यात बसू नये, नाहीतर वारा सांध्यांत शिरतो आणि म्हातारपणी दुखतो. हे तर माझ्या सासूबाईंचेच बोलणे! शेक द्यायला तिथे शेगडी लागत नाही, जमीनच गरम असते. पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळ्यांतून फिरवीत, आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. याला 'ओन्डोल' म्हणतात. पण परिचारिकेने बजावले की बाळाला फार गुंडाळू नका. मान-पाठ घामेजली म्हणजे त्याला उकडते आहे.

आपली सटवाई, तशी त्यांची 'सामशिन' आजी. ती मूल देते आणि राखते. तिच्यासाठी भात, पाणी आणि शेवाळाचे कढण मांडतात. पूर्वी दारावर उलट्या पिळाची गवताची दोरी बांधीत. मुलगा असेल तर तिला लाल मिरच्या, मुलगी असेल तर कोळसा आणि पाईनच्या डहाळ्या. मग एकवीस दिवस परक्याने आत यायचे नाही. आपण दाराला कडुनिंबाचा टाळा लावतो, तोच हेतू. बाळाच्या पाठीखाली निळसर डाग होता. तो पाहून आजी हसल्या. सामशिन आजीने "जा आता बाहेर" म्हणून थापट मारली, त्याची ती खूण, असे त्यांच्यात म्हणतात. असे डाग आपल्याही पुष्कळ बाळांना असतात आणि आपोआप जातात. मी पाचवीची पूजा केली तेव्हा आजी शेजारी मांडी घालून बसल्या होत्या.

रडू येते तेव्हा

चौथ्या दिवशी लेक कारण नसताना रडू लागली. "मला जमणार नाही," म्हणे. डॉक्टरांनी सांगितले, पहिल्या आठवड्यात असे बहुतेकींना होते. झोप, गरम जेवण आणि कुणाची तरी सोबत एवढे पुरे. पण दोन आठवडे उलटले तरी उदासपणा जात नसेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, तर तो आजार आहे. त्याला "नखरे" म्हणू नये, डॉक्टरकडे न्यावे. परमुलखात आई-सासू-नणंद कोणी नसते, तिथे याकडे जास्त लक्ष हवे. कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. लेक एकटी असेल तर रोज एक वेळ ठरवून फोन करा, आणि सल्ले कमी, ऐकणे जास्त ठेवा.

एक गोष्ट मी तिथल्या परिचारिकेचे ऐकून टाळली. बाळाला मध चाटवला नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते. पहिल्या तासात आईचा चीक, आणि सहा महिने फक्त आईचे दूध; हे दोन्हीकडचे डॉक्टर सारखेच सांगतात.

कागदपत्रांचे काम

कोरियात जन्मले म्हणून बाळ कोरियन होत नाही. आईबाप भारतीय, तर बाळही भारतीयच. इस्पितळाच्या जन्मदाखल्यावरून सोलच्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत जन्माची नोंद करावी लागते, आणि पासपोर्टही तिथेच होतो. कोरियात राहण्याचा परवाना मात्र जन्मापासून नव्वद दिवसांत मागावा लागतो. म्हणून पासपोर्टचे काम पहिल्या महिन्यातच हाती घ्यावे. जन्मानंतर कोरियन सरकार देते ती मोठी रोख मदत तिथले नागरिक असलेल्या बाळांसाठी असते. तिच्यावर हिशेब बसवू नये.

लक्षात ठेवण्याजोगे

लेक परदेशात असो की मळ्यातल्या घरात, काही गोष्टी सारख्याच.

पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा आणि दोघांचेही रक्तगट लिहून ठेवा. सातव्या महिन्यापर्यंत दर महिन्याला, मग पंधरवड्याला, आणि शेवटचा महिना दर आठवड्याला तपासणी करा. सहाव्या महिन्यात साखर तपासा.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्याला सूज, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. कोरियात रुग्णवाहिकेसाठी ११९, आपल्या महाराष्ट्रात १०८ किंवा १०२ हा क्रमांक फिरवावा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि ने-आण २०११ पासून मोफत आहे. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, त्यासाठी आशाताईंकडे वेळेत अर्ज द्यावा.

डिसेंबरात मी परत आले तेव्हा भात कणगीत पडला होता. जानेवारीत नातीचे शंभर दिवस भरले. कोरियात हा मोठा सण असतो, पांढऱ्या तांदळाच्या पिठाची वाफवलेली वडी करून ती शंभर घरांत वाटली तर मूल दीर्घायुषी होते, असे तिथे मानतात. शेजारच्या आजींनी ती वडी स्वतः करून आणली आणि जिन्यावरच्या घराघरांत वाटली. त्या जिन्यावर कित्येक वर्षांत बाळ झाले नव्हते, असे लेक सांगत होती. आता संध्याकाळी कामावरून येणारी माणसे दारापाशी थांबतात आणि बाळ जागे आहे का, म्हणून विचारतात.